केसांचा कारभार

आपल्या देहात जे जे जिवंत आहे त्याची माणूस सहसा विचारपूस करीत नाही. यकृत पोटात कोणत्या बाजूला असते हे ते दुखू लागेपर्यंत बहुतेकांच्या गावी नसते, आणि हृदयाची आठवण काव्य वाचताना किंवा जिना चढताना, एवढीच काय ती होते. परंतु त्याच देहाचा जो एक अंश त्वचेबाहेर डोके काढण्याच्या आधीच रीतसर मृत झालेला असतो, त्याला मात्र तो दिवसातून दोनदा विंचरतो, शनिवारी तेल चोळतो, रविवारी शिकेकाईने न्हाऊ घालतो, भांग डावीकडे की उजवीकडे या प्रश्नावर आरशासमोर उभा राहून कचेरीची वेळ चुकवतो, आणि त्यातील चार तंतू कंगव्याबरोबर निघून आले की घरात सुतक लागल्यासारखा चेहरा करून बसतो. ज्याचे सुतक धरायचे तो बाहेर आला तेव्हाच गतप्राण होता, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही; आणि सांगितलीच, तर ऐकणारा सांगणाऱ्याच्या डोक्याकडे एकवार पाहून म्हणतो, "तुम्हांला काय, तुमचे आहेत कुठे?"

माझ्या मस्तकाची ही स्थिती येथेच कबूल करून पुढे जातो, कारण ज्याच्यापाशी जमीन उरलेली नाही त्यालाच सातबारा निर्विकार चित्ताने वाचता येतो.

केस मृत असतो याचा पुरावा शोधायला कोणत्याही प्रयोगशाळेत जाण्याची जरुरी नाही. तो प्रत्येक केशकर्तनालयात महिन्यातून एकदा बिनशर्त मिळतो. कात्रीखाली मूठमूठ केस गळून पडत असताना आपण समोरच्या आरशात पाहत राजकारणावर मतप्रदर्शन करीत असतो, कोठेही कळ येत नाही. आणि तोच एक केस कोणी मुळाशी धरून हिसडला, की राजकारण विसरून आपण कारागिराच्या घराण्याविषयी बोलू लागतो. याचा अर्थ असा, की ज्ञानतंतू आहेत ते मुळाशी. वर जे डोलत असते त्याला सुखदुःख नाही, कीर्ती नाही, अपकीर्तीही नाही.

तरीही या निर्जीव तंतूची बांधणी पाहिली तर निर्मात्याने त्यावर जो खर्च केला आहे तो थक्क करणारा आहे. एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही बहुधा बारीक असलेल्या या वस्तूत सामान्यतः तीन थर असतात. मधोमध एक विरळसा गाभा, जो बारीक केसात पुष्कळदा नसतोच आणि नसल्यामुळे कोणाचे काही अडत नाही; त्याभोवती लांबट तंतूंचा मुख्य थर, ज्यात केसाचे बळ आणि रंग ही दोन्ही साठवलेली असतात; आणि सर्वांच्या वर अतिशय पातळ, पारदर्शक शल्कांचे कवच, ज्यातील प्रत्येक शल्काचे मोकळे टोक केसाच्या शेंड्याकडे रोखलेले असते. हे शल्क डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना कळते. कंगव्यात अडकलेला एखादा लांब केस घ्यावा, त्याचे एक टोक घट्ट धरावे, आणि दुसऱ्या हाताची चिमटी मुळाकडून शेंड्याकडे फिरवावी: ती सुळकन निघून जाते. आता चिमटी उलट दिशेने आणावी: केस बारीक खरखरतो, बोटांना अडवतो, क्वचित किंचित कुरकुरतो देखील. एवढ्यावर समाधान न झाल्यास तोच केस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये लांबीच्या दिशेने ठेवून बोटे नुसती मागेपुढे चोळीत बसावे. केस आपला एकाच बाजूला, मुळाच्या बाजूला, चालू लागतो, आणि बोटे कितीही निःपक्षपातीपणे हलवली तरी दिशा बदलीत नाही. चहा येईपर्यंतचा वेळ घालविण्यास याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही.

केसाचे द्रव्य म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. नख, शिंग आणि खूर ही याच वंशातील भावंडे. या प्रथिनात गंधक मुबलक असल्यामुळे केस जळाला की वास सुटतो, आणि त्याच गंधकाचे अणू एकमेकांना जखडून ठेवीत असल्यामुळे केस इतका चिवट असतो, की एक धडधाकट केस शंभर ग्रॅमच्या आसपास वजन सहज पेलून धरतो. केसाने गळा कापणाऱ्यांचा धंदा आजवर तेजीत का राहिला, याचे शास्त्रीय कारण बहुधा हेच असावे. शिवाय हा तंतू हवेतील ओलावा पिऊन किंचित लांबतो आणि हवा कोरडी झाली की पुन्हा आखडतो. जिनीव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या आल्प्सवेड्या पंडिताने १७८३ साली याच गुणावर हवेची आर्द्रता मोजण्याचे यंत्र उभारले, आणि पुढे दीर्घकाळपर्यंत वेधशाळांतून मनुष्याचा केस हा एक सरकारी नोकर म्हणून मान्यता पावला. कोकणात हे यंत्र मृगाच्या पहिल्या पावसापासून प्रत्येकाच्या डोक्यावर चालू असते. उन्हाळ्यात गुण्यागोविंदाने चापून बसलेले केस आषाढात कोणाचे न ऐकता कुरळे होऊन चहूकडे पाहू लागतात, याला वेधशाळेची टिपणी लागत नाही.

परंतु हा सारा मृतांचा तपशील झाला. खरी कचेरी जमिनीखाली आहे.

त्वचेत खोल रुतलेल्या ज्या सूक्ष्म कूपातून केस निघतो त्याला आपले जुने लोक रोमकूप म्हणत. मानवी देहावर असे रोमकूप पन्नास लाखांच्या घरात, पैकी डोक्यावर सुमारे एक लाख. तळहात, तळपाय आणि ओठ एवढी इनामी जमीन वगळली तर देहाचा बहुतेक मुलूख या खात्याच्या अमलाखाली येतो. ज्या अंगाला आपण कौतुकाने केसरहित म्हणतो तेथेही कचेऱ्या आहेतच, फक्त त्यांचे उत्पन्न इतके बारीक आणि फिकट, की ते पाहण्यास ऊन तिरपे पडावे लागते. आश्चर्य असे, की या सर्व कचेऱ्यांची स्थापना आईच्या पोटात, पाचव्या महिन्याच्या सुमारास, पुरी होऊन गेलेली असते. जन्मानंतर एकही नवी सनद मिळत नाही. बारशाला आलेल्या मंडळींनी बाळाच्या जावळाकडे पाहून "वडिलांवर गेलाय हो" असे म्हणावे, तेव्हा बाळाच्या आयुष्यातील समस्त मनसबदाऱ्यांचा निकाल चार महिन्यांपूर्वीच लागलेला असतो.

प्रत्येक कूपाच्या तळाशी एक कंद असतो आणि त्या कंदात, रक्तवाहिन्यांनी रसद पुरविलेल्या एका इवल्याशा अंकुरावर, पेशींची अव्याहत भर पडत असते. देहातील अत्यंत वेगाने वाढणाऱ्या पेशींत यांची गणना होते. खालून नवी पेशी आली की वरची पुढे ढकलली जाते, ढकलली जाता जाता केराटिनाने ठासून भरते, आपले केंद्रक गमावते, आणि पृष्ठभागी येईतो कोणत्याही मोठ्या खात्यात वर चढलेल्या माणसाप्रमाणे टणक, चकचकीत आणि निष्प्राण होते. शेजारीच बसलेल्या रंगपेशी जाता जाता तिच्या पदरात काळ्या रंगाचे कण टाकतात, आणि बाजूची तैलग्रंथी थोडे तेलही देते, म्हणजे निरोप समारंभात काही उणे राहत नाही. वाढीचा वेग दिवसाला एका मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, महिन्याकाठी एक सेंटिमीटर किंवा थोडे अधिक. हा वेग ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु एक लाखाने गुणले, रजेवर असलेले वजा केले, तरी एका शाबूत डोक्यावर दररोज तीस मीटर आणि महिन्याला जवळजवळ एक किलोमीटर केस तयार होतो. हा किलोमीटर कापून देण्याचे कारागीर जे दाम घेतो तेच दाम तो माझ्या डोक्याचेही घेतो. यावर मी एकदा हरकत घेतली तेव्हा तो अत्यंत अदबीने म्हणाला, "साहेब, तुमचे कापण्याचे नाही घेत, शोधण्याचे घेतो."

आता रजेचा विषय निघालाच आहे, तर या खात्याच्या सेवाशर्ती समजून घेणे अगत्याचे आहे, कारण घरोघरचा निम्मा आकांत त्या न समजल्यामुळे आहे. डोक्यावरच्या केसाची वाढीची मुदत साधारण दोन ते सहा वर्षे. ती संपली की दोन-तीन आठवड्यांत कंद आवरासावर करतो, मग सुमारे तीन महिने केस नुसता जागेवर उभा राहतो, वाढत नाही की पडत नाही, ज्या अवस्थेला आपल्या दप्तरांतून नियमित सेवा असे म्हणतात. आणि पुढे खालून नव्याची चाहूल लागून तो गळून पडतो. बहुतेक जनावरे ऋतुमानाप्रमाणे सगळी लव एकदम टाकतात. माणसाच्या डोक्यात मात्र प्रत्येक कूपाचे पंचांग वेगळे, त्यामुळे कोणत्याही दिवशी शेकडा पंच्याऐंशी ते नव्वद केस कामावर असतात आणि पन्नास ते शंभर केस सेवानिवृत्त होतात. ही निवृत्ती बिनतक्रार, वेळच्या वेळी आणि जागा रिकामी करून देणारी असते, म्हणून आपल्याला ती इतकी अनैसर्गिक वाटते.

आमच्या मामींचा या हिशेबावर काडीइतका विश्वास नाही. त्या रोज सकाळी कंगव्यातील केस काढून एक एक करून मोजतात, आणि प्रत्येकाच्या टोकाला दिसणारा पांढरा, खसखशीएवढाही नसलेला बिंदू मला दाखवून विचारतात, "हे बघ, मुळासकट गेला की नाही?" तो बिंदू म्हणजे मूळ नव्हे, कूपातून निघताना केसाच्या बुडाशी वळलेली ती गाठ, आणि ती दिसते याचा अर्थच असा, की हा केस आपली मुदत भरून, कागदपत्रे पुरी करून गेला आहे व त्याची जागा खाली कायम आहे. हे मी मामींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशीपासून केस मोजून पुडीत बांधून ठेवण्यास सुरुवात केली. त्यांच्या सुनेचे केस बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात मुठीमुठीने जाऊ लागले, तेव्हा बाळ आईला ओळखू लागले की असे व्हायचेच, असा निर्वाळा त्यांनी दिला. वस्तुतः गरोदरपणातील संप्रेरकांमुळे पुष्कळ केसांना मुदतवाढ मिळालेली असते, आणि प्रसूतीनंतर ती एकदम रद्द होऊन सगळे थकलेले अधिकारी एकाच वेळी बाहेर पडतात. बाळाचे हसणे आणि हे गळणे यांची तारीख फक्त एक येते. तथापि काही महिन्यांत केस पूर्ववत होतात हे त्यांचे भाकीत अचूक निघाले, म्हणून कारणमीमांसेवर मी वाद घातला नाही.

लांब केसांचे रहस्यही या मुदतीतच आहे. गुडघ्यापर्यंत वेणी असलेल्या बाईचे केस शेजारणीच्या केसांहून फार भराभर वाढतात असे नाही, त्यांना निवृत्त होण्यास अधिक वर्षे लागतात, इतकेच. ज्यांच्या केसांना ही मुदत लाभत नाही त्यांच्यासाठी बाजारात गंगावन मिळते. उलट भुवईच्या केसाची मुदत मोजक्या महिन्यांची असल्यामुळे तो बोटाच्या पेराएवढाही होण्यापूर्वी घरी जातो. हे कलम विधाता विसरला असता, तर डोक्यासारख्याच भुवयाही कंबरेपर्यंत आल्या असत्या, आणि समोरून कोण येत आहे हे पाहण्यासाठी सभ्य गृहस्थांना त्या प्रथम दुभागून कानांमागे अडकवाव्या लागल्या असत्या.

प्रत्येक कूपाला एक चिमुकला स्नायूही जोडलेला आहे, जो थंडी वाजली अथवा भय वाटले की केस उभा करतो. मांजराला याचा उपयोग होतो. ते फुगून दुप्पट दिसते आणि समोरचे कुत्रे विचारात पडते. मनुष्याने मधल्या काळात अंगावरची लव बारीक करून घेतल्यामुळे त्याच्या वाट्याला नुसता काटा उरला. पण आपल्या लोकांनी हाही निरुपयोगी शिपाई वाया जाऊ दिला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात रोमांचाला आठ सात्त्विक भावांत नेमणूक देऊन त्याला जन्माचा पगार चालू करून दिला.

आता वस्तऱ्याची गोष्ट. मुंडण केले की केस दाट येतात, हा सिद्धान्त आपल्याकडे इतका दृढ आहे, की जावळ काढताना रडणाऱ्या बाळाची समजूत सारा गोतावळा याच आश्वासनावर घालतो. अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी १९२८ साली पुरुषांची दाढी मोजूनमापून पाहिली आणि वस्तरा फिरविल्याने केस जाडही होत नाही व वेगानेही वाढत नाही, असे दाखवून दिले. होते ते असे, की न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, आणि कापलेल्याचे बोथट. बोथट टोकांची फौज तळहाताला खरखरीत लागते व डोळ्याला दाट दिसते. खालच्या कचेरीला वर काय कापले गेले याची वर्दीच पोहोचत नाही. टाळूवर अशीच वस्तऱ्याची मेहेरबानी करून घेतलेले माझे एक स्नेही आज माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसतात, आणि मागच्या लोकांची त्याबद्दल कधी तक्रार नसते.

टकलाचा इतिहास मात्र गंभीर आहे, निदान ज्यांना आहे त्यांना. षंढांना टक्कल पडत नाही, हे हिपोक्रेटिसाने पूर्वीच टिपून ठेवले होते. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने या निरीक्षणाचा पाठपुरावा करून, आनुवंशिक कल आणि पुरुषी संप्रेरक ही दोन्ही जमली तरच टक्कल पडते, असे सिद्ध केले. या संप्रेरकाचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे अधिक कडक रूप हे या सर्व प्रकरणातील मुख्य हुकूमनामा होय, आणि एकाच हुकुमाची दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी अंमलबजावणी कशी होते याचा तो उत्कृष्ट नमुना आहे. हनुवटीला तो पोहोचला की तेथील कूप जोमाने दाढी उगवू लागतात. टाळूला पोहोचला की तेथील कूप मुदत कमी करीत, केस बारीक करीत, शेवटी नजरेला न दिसणारी लव तेवढी काढू लागतात. म्हणजे कचेरी बंद होत नाही, तिचा तनखा कमी होतो. त्याच सुमारास कानांच्या पाळ्यांतून, नाकपुड्यांतून आणि भुवयांतून राठ केस जोराने वर येऊ लागतात, तेव्हा भोळ्या माणसाला वाटते की वरचेच लोक बदली होऊन येथे आले; परंतु खात्यात अशी तरतूद नाही. खरी बदली शस्त्रवैद्यच करू शकतो. डोक्याच्या मागच्या व कडेच्या कूपांवर त्या हुकुमाचा परिणाम होत नाही, आणि तेथून काढून टाळूवर लावले तरी ते आपल्या मूळ सेवाशर्ती सोडीत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. आजचा केशरोपणाचा सगळा व्यवसाय त्या एका शर्तीवर उभा आहे. भर्तृहरीने नीतिशतकात उन्हाने पोळलेल्या खल्वाटाला झाडाखाली नेऊन त्याच्या डोक्यावर फळ पाडले आहे. दैवाची सत्ता दाखविण्यासाठी त्याला एवढ्या प्रजेतून नेमका टकल्याच का सापडावा, याविषयी माझे मत मी राखून ठेवतो.

पांढऱ्या केसांविषयी थोडक्यात सांगता येते. कंदाजवळच्या रंगपेशी संपल्या, की पुढला केस रंगाविना बाहेर पडतो. एक उपटल्याने दहा येत नाहीत, कारण शेजारच्या कूपाचा या कूपाशी पत्रव्यवहार नाही. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे केस १७९३ साली शिरच्छेदापूर्वी एका रात्रीत पांढरे झाले अशी आख्यायिका आहे, पण बाहेर आलेल्या काळ्या केसातला रंग खालून परत मागविता येत नाही. एकदा बाहेर पडलेला कागद कोणत्याच कचेरीत पूर्वलक्षी प्रभावाने बदलत नसतो, निदान तसा नियम आहे.

राहता राहिला तेलाचा प्रश्न. अथर्ववेदात केस वाढविण्याची सूक्ते आहेत, वैद्यकात माक्याचे तेल आहे, आणि आमच्या आळीत प्रत्येक घराचा एक गुप्त पाठ आहे. म्हणजे अर्ज करणाऱ्यांची परंपरा वेदकालीन ठरते. यावर माझा निवाडा असा आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी त्याच्या प्रथिनांची झीज कमी करते, हे २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी दाखविले आहे. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाला ते साधत नाही. म्हणजे आपल्या आज्या, लांबीला जपणे एवढ्यापुरते बोलत असतील, तर बरोबर होत्या. परंतु तेलाने नवा रोमकूप निघाला असा दाखला नाही, आणि बाटलीवर काढलेल्या बाईचे केस त्या बाटलीतून आलेले नाहीत.

वाचकांस एवढीच विनंती, की डोक्यावर अचानक गोल, गुळगुळीत चाई पडली, तर कांदा चोळीत महिने न दवडता त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जावे, कारण त्यावर उपाय असतात. रोजच्या पन्नासशंभर केसांना शांतपणे निरोप द्यावा. आणि कंगव्यातून निघालेला गुंता कृपा करून खिडकीतून खाली टाकू नये, खालच्या मजल्यावरही माणसे राहतात.